चिनी की देशी ते नंतर ठरवा, आधी माळेत फ्यूज आहे का बघा!

मंडळी, दिवाळी तोंडावर आली की एक मेसेज न चुकता येतो. "चायनाच्या माळा घेऊ नका, आपला पैसा बाहेर जातो." यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. खाली हात जोडलेले, झेंडे, "अगदी बरोबर", "शेअर केला". माळेत फ्यूज आहे का, हे मात्र एकानेही विचारलं नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. वाचा, मग भांडा.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला बाल्कनीच्या ग्रिलला माळ लावली होती. नेहमीचीच, चार रंगांची, मधे बटणाचा छोटा डबा असलेली. बटण दाबलं की कधी पळते, कधी लुकलुकते, कधी हळूहळू मंद होते. मारुती रोडवर रस्त्यावरच्या गाड्यावरून दीडशे रुपयांना घेतली होती. बिल मागितलं नाही, त्यानेही दिलं नाही. चूक माझी, आधीच कबूल करतो.

संध्याकाळी लाल ओळ गेली. बाकीच्या तीन ओळी मजेत चालू. मी म्हटलं, जाऊ दे, उद्या बघू. तेवढ्यात आई फरशी पुसून ओल्या हातानेच आकाशकंदील सरळ करायला गेली आणि झटकन मागे सरली. "अरे, ग्रिलला मुंग्या येतायत बघ." टेस्टर लावला तर दिवा लागला. अख्खं ग्रिल जिवंत होतं! आणि त्याच ग्रिलला लोंबकळून शेजारची चार वर्षांची पोरगी रोज आमच्या मांजराशी गप्पा मारते.

घरातला एमसीबी का पडला नाही, असं काहीजण विचारतील. पडणारच नव्हता. तो सहा किंवा सोळा अँपियरला आपलं काम करतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या भागाइतका करंटही पुरतो. आमचं ग्रिल भिंतीत बसवलेलं, त्याला अर्थिंग नाही. करंटला वाट मिळणार होती ती आईच्या अंगातून.

दुसऱ्या दिवशी पिन काढून, थोडा वेळ थांबून, तो डबा टेबलावर घेतला. स्क्रू नाहीच, सगळं चिकटवलेलं. ब्लेडने फोडला. आत काय असेल? एसीचं डीसी करायला चार डायोड, काळ्या डांबराच्या थेंबाखाली लपवलेली एक चिप आणि प्रत्येक रंगाला एक असे चार इवलेसे थायरिस्टर. ट्रान्सफॉर्मर नाही. फ्यूज नाही. म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट थेट त्या केसासारख्या वायरीत! बटण दाबून माळ विझवली तरी वायर मेन्सला जोडलेलीच राहते. "बंद आहे, हात लाव" असं आपण पोरांना सांगतो ना, ते साफ चूक आहे.

मल्टीमीटरने एकेक थायरिस्टर तपासला. तीन ठीक निघाले. लाल ओळीचा मात्र दोन्ही बाजूंनी शून्य दाखवत होता, म्हणजे आतून शॉर्ट. त्याच्या शेजारची तांब्याची पट्टी जळून काळी पडलेली. मग माळ हातावर घेऊन वीतवीत तपासली, तेव्हा कारण सापडलं. ग्रिलच्या खिडकीच्या बिजागरीत दोन वायरी चिमटल्या होत्या. कव्हर फाटून त्या एकमेकींना टेकल्या, मधले एलईडी वगळून सगळा करंट थायरिस्टरवर आला आणि तो गेला. फ्यूजचं काम त्या जळालेल्या पट्टीने केलं, पण फक्त लाल ओळीपुरतं. चारही रंगांची सामाईक वायर उघडी पडून ग्रिलला टेकलेलीच राहिली. बाकीची माळ लुकलुकत होती आणि आम्ही फराळ करत होतो.

नवा थायरिस्टर पाच रुपयांना मिळाला. जुळणारा नंबर आणि पायांचा क्रम बघून डाग दिला, जळालेल्या पट्टीवर वायरचा तुकडा जोडला. चारही रंग लागले. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हे कोण दुरुस्त करतं? फेकून नवी घ्या." नवी घेतली असती तर आत हेच असतं, आणि ग्रिल पुन्हा जिवंत झालं असतं.

दुरुस्त केलेली माळ मी परत लावली नाही. थायरिस्टर बदलल्याने फ्यूज येत नाही, वायर जाड होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी माळांना बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत आणलं. नोंदणी असलेल्या मालावर इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो. कायदा आहे, ॲप आहे. बाजारात जाऊन दहा माळा उलटून बघा, किती डब्यांवर तो नंबर दिसतो ते मला सांगा. आपल्याकडे जोडून खोक्यात भरलेली माळही "देशी" म्हणूनच विकली जाते. तिच्यात फ्यूज नसेल तर तिच्या देशीपणाने शॉक कमी बसणार आहे का?

दुरुस्तीच्या हक्काचंही तेच. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने त्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली. चांगलंच झालं. पण दीडशे रुपयांच्या माळेचा विचार कोण करणार? चिकटवलेला डबा आणि डांबर फासलेली चिप याचा अर्थ एकच, आत बघू नका, फेका आणि नवी घ्या. दिवाळीनंतर कचऱ्याच्या ढिगात या माळांचे गुंते बघा, मग कळेल.

"गरिबाने काय दिवाळी करू नये का?" हा प्रश्न येणार, माहितीय. मी गाडीवाल्याच्या विरोधात नाही. त्याला खोकंच बिनबिलाचं मिळतं. त्याच्या चार माळा जप्त करून फोटो काढणं हा शूरपणा नव्हे. तपासणी करायची तर घाऊक गोदामात करा, आणि दिवाळीच्या महिनाभर आधी करा. आणि गरिबाच्या घरातला जीव स्वस्त असतो, असं कुणाला म्हणायचंय का?

आपल्या हातात आहे तेवढं तरी करू. अडॅप्टरवर चालणारी, कमी व्होल्टची माळ घ्या. मी घेतली, साडेचारशेला, बिलासकट. महाग आहे, पण वर्षातून एकदा लागते आणि नीट ठेवली तर टिकते. लोखंडी ग्रिलला, पत्र्याला, ओल्या भिंतीला मेन्सवरची माळ बांधू नका. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये प्रत्येक घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवण्याचा विषय घ्या. गेटच्या रंगावर दोन तास भांडतो, यावर वीस मिनिटं द्या. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पण त्यासाठी बिल लागतं, हे माझ्यासारखं नंतर आठवू नका.

तो बहिष्काराचा मेसेज खुशाल फॉरवर्ड करा, माझी हरकत नाही. फक्त त्याआधी आपल्या बाल्कनीत जा आणि ग्रिलला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर आधी पिन काढा आणि मग मला शिव्या द्यायला कॉमेंटमध्ये या.