एका वाणाचा भरवसा

आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी कोकणात उतरत नाही; ती पूर्वेस वळते आणि आजरा, गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरच्या शिवारात ऊस पिकविते. तेथील सहकारी साखर कारखान्यानेही तिचेच नाव धारण केले आहे. ज्या उसावर या नदीकाठचे संसार उभे आहेत, तो वास्तविक गवताच्याच कुळातला होय.

कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी तेथे मळ्यातील रसाळ उसाचा काश या रानगवताशी संकर घडविला आणि १९१८ साली 'को २०५' हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. गोडी उसाची, काटकपणा गवताचा! आज दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात सर्रास दिसणारे 'को ८६०३२' हेही त्याच संस्थेचे देणे आहे.

तथापि, वाण कितीही गुणी असले तरी सारा भार एकट्यावर टाकणे शहाणपणाचे नव्हे. उत्तर प्रदेशात 'को ०२३८'ने साखरेचा उतारा वाढविला आणि बहुतेक क्षेत्र त्याच्याखाली गेले. पुढे उसाचा गाभा लाल करून कुजविणाऱ्या रोगाने नेमके त्यालाच गाठले. हा धडा संकेश्वरने दुरूनच घ्यावा.

ऋतुचक्रही आता पूर्वीचे राहिलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात नदीकाठची पिके महापुरात बुडाली. २०२३ मध्ये कर्नाटकाला दुष्काळ जाहीर करावा लागला. पूर आणि अवर्षण दोन्ही सोसणारे एकच वाण मिळणे कठीण. काठच्या काळ्या जमिनीला एक व माळाला दुसरे, असाच विचार करावा लागेल. ऊस गेला की वाढेही जातात आणि दावणीची जनावरे उपाशी राहतात, हेही विसरून चालणार नाही.

परंतु कारखाना जो ऊस वेळेवर तोडतो, तोच शेतकरी लावणार. म्हणून कारखान्यांनी बेणेमळ्यांत तीन-चार वाणे राखावीत आणि नवे वाण लावणाऱ्याची तोड लांबणार नाही, अशी हमी द्यावी. पाडेगावचे संशोधन केंद्र महाराष्ट्रात आणि निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावात असली, तरी उसाला सीमावाद ठाऊक नाही. दोघांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मराठी व कन्नड दोन्ही भाषांतून बांधापर्यंत पोहोचले पाहिजेत. आणि ओढ्याकाठचे काश तण म्हणून सरसकट जाळू नये. उद्याच्या उसाला लागणारा काटकपणा कदाचित त्याच्याकडूनच उसना घ्यावा लागेल, असे आम्हांस वाटते.