यंत्रामागचा डोळा

'छायाचित्र काढणे ही कला कसली? कळ दाबली की काम झाले,' असे पुष्कळांना वाटते. मला हे मत पटत नाही.

आमचे तळेगाव ढमढेरे वेळ नदीच्या काठी वसले आहे. हौसेखातर मी त्या नदीची चित्रे घेतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात एक रोल घातला, की त्यावर चित्रे उमटतात अवघी 12! म्हणून कळ दाबण्यापूर्वी पुष्कळ पाहावे लागते. भर दुपारी ऊन डोक्यावर असते. दगडांची सावली पडत नाही आणि चित्र सपाट उतरते. सकाळी तेच ऊन तिरपे येते, तेव्हा ओल्या मातीत उमटलेले गुरांचे खूरदेखील उठून दिसतात. चित्रकार कोऱ्या कागदावर भर घालतो. छायाचित्रकाराला भरलेल्या जगातून नको ते वगळावे लागते. हे काम मला तरी अधिक कठीण वाटते.

दादासाहेब फाळके यांचेच पाहा ना! 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, 1912 साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी करून फिल्मवर टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढले. कॅमेरा विलायतेहून आणलेला होता; पण वाटाण्याकडे इतके दिवस पाहत राहण्याची कल्पना त्यांची स्वतःची होती.

आज मोबाइलवर शेकडो चित्रे घेता येतात. त्यात गैर काही नाही. पण ती पुन्हा कोणी फारशी पाहत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. मी माझ्या निगेटिव्ह उजेडासमोर धरून पुनःपुन्हा न्याहाळतो. बारांतली दोन बरी निघाली, तर तो रविवार चांगला गेला म्हणावयाचा.