ट्रान्झिस्टर आणखी किती लहान होणार?

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांमध्ये हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं : "चिप अणूपर्यंत पोचली, आता आपल्याला करायला काय उरलं? सॉफ्टवेअरला चला!" मला हे अजिबात पटत नाही.

मुळात मोबाईलच्या जाहिरातीतलं '३ नॅनोमीटर' हे फक्त नाव आहे. त्या चिपमधला गेट दहा नॅनोमीटरपेक्षा लांबच असतो. सिलिकॉनच्या स्फटिकाचा एक घन ०.५४ नॅनोमीटरचा; म्हणजे गेटच्या लांबीत असे वीसेक घन सहज बसतात. अणू अजून दूर आहे.

अडतं ते दुसरीकडेच. गेटखालचा ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरवर आला तेव्हा इलेक्ट्रॉन त्याला भिंत मानेनात, टनेलिंग करून सरळ पलीकडे! २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये तिथे हाफ्नियमचा ऑक्साइड घातला. थर जाड झाला, तरी गेटचा ताबा सुटला नाही. म्हणजे वाट निघाली ती पदार्थ बदलून. दुसरी अडचण तापमानाची. ट्रान्झिस्टर बंद करताना करंट दहापट उतरवायला साध्या मॉसफेटला खोलीच्या तापमानाला किमान ६० मिलिव्होल्ट लागतातच. शिरपूरच्या मे महिन्यात ४५ अंशाला तेच ६३ होतात (हिशोब करून बघा). म्हणून व्होल्टेज फार खाली आणता येत नाही आणि चिप तापते.

एका अणूचा ट्रान्झिस्टरही झालाय. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात मिशेल सिमन्स यांच्या गटाने एसटीएमच्या सुईने जागा करून सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा एकच अणू बसवला. चालला, पण निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत. खिशातल्या फोनला त्याचा काय उपयोग?

आणि सगळं काम त्या टोकालाच आहे असंही नाही. धोलेऱ्याच्या ज्या टाटांच्या कारखान्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो २८ नॅनोमीटर आणि त्याहून मोठ्या चिपांसाठी आहे.

आपण मात्र फायनल इयरला तोच मायक्रोकंट्रोलर आणि तोच सेन्सर घेऊन बसतो. आयआयटी मुंबईत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांनाही तिथली यंत्रं वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारची 'आयएनयूपी' योजना आहे, प्रशिक्षणाच्या कार्यशाळाही होतात. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांनी एखाद्या सरांना गाठून प्रस्ताव तयार करायला काय हरकत आहे? पवई काही ऑस्ट्रेलियात नाही, रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी मुंबई!