भीमथडीचे तट्टू कोणी राखले?

मराठी भाषेने तट्टाची फारशी कदर केलेली नाही. हट्टी माणसाला आपण अडेलतट्टू म्हणतो, पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू लढवणाऱ्याला भाडोत्री तट्टू. एका गीताने मात्र भीमथडीच्या तट्टांना मानाचे पान दिले. राजा बढे यांचे ते गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, स्पिती वगैरे सात जातींच्या पंक्तीत हा आठवा. बातमी वाचून ऊर भरून आला खरा. पण मधली दोनशे वर्षे हे जनावर होते कुठे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. पुणे जिल्ह्यात पूर्वी या नावाचा तालुकाच होता; आजच्या बारामती-दौंडकडचा हा मुलूख. चौल-दाभोळच्या बंदरांत उतरणारे परदेशी घोडे घाट चढून वर येत. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलहून जुन्नरला आला, तर तिथल्या खानाने तो काढूनच घेतला. परत मिळवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. परक्या घोड्याचे मोल एवढे! पण ज्याच्या घरी वर्षातले चार महिने कडबाही पुरत नाही, त्याने असले जनावर पोसायचे कसे? अरबी-तुर्की रक्त इथल्या लहानखुऱ्या तट्टांत मिसळत गेले आणि घडला तो सुमारे १३० सेंटिमीटर उंचीचा, टणक खुरांचा, माळावरच्या वाळल्या गवतावर तग धरणारा घोडा. दिसायला काही खास नाही. थकत मात्र नाही.

मराठी फौजेचा हिशेब या घोड्यावर बेतलेला होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतला मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्याचा घोडा मेला तर त्याची पुंजीच बुडे. म्हणून त्याला देखण्या घोड्यापेक्षा टिकाऊ घोडा हवा होता. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला, त्या वेगाचे श्रेय आपण सेनापतीला देतो, आणि ते योग्यच आहे. पण मागे दाणागोट्याचे तांडे न ठेवता धावू शकणाऱ्या जनावरांवाचून तो वेग कुठून येणार? शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात ती पागा अजून उरली आहे.

१८१८ नंतर शिलेदारी संपली. इंग्रजांच्या रिसाल्याला उंच घोडे हवे होते. ते अरबस्तानातून आणि ऑस्ट्रेलियातून येऊ लागले. १८६० मध्ये रेल्वे भीमेच्या खोऱ्यातून सोलापूरला पोचली. सरदारांच्या वाड्यांतून तट्टू गेले.

ते राहिले धनगरांच्या वाड्यावर. हा वाडा चिरेबंदी नव्हे. मेंढरांमागे फिरणाऱ्या बिऱ्हाडालाही वाडाच म्हणतात. काही वर्षांपूर्वी लोणंद-फलटण रस्त्यावर असा एक वाडा मला भेटला. पुढे मेंढरे, मागे एक कुमैत घोडी. तिच्या पाठीवर वाकळा, भांडी, दोन कोंबड्या आणि आदल्या रात्री जन्मलेले कोकरू. बरोबरच्या बाईंना मी विचारले, ‘‘बाई, ही भीमथडी का हो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘भीमथडी-बिमथडी न्हाई ठावं, दादा. आमची घोडी हाय. चालती, बास.’’

माझ्या मते या जातीचे सारे शास्त्र त्या एका ‘चालती’मध्ये आहे. दिवाळीच्या सुमारास निघायचे, पावसाच्या तोंडावर परतायचे. या वाटेवर जी घोडी टिकते तिचीच वीण पुढे जाते. शिंगरू येरझाऱ्याने मरते अशी आपली म्हण; इथे शिंगरू त्या येरझाऱ्यांनीच तयार होते. हीच जनावरे तबेल्यात बांधून चंदी घातली, तर दहा पिढ्यांनी नाव भीमथडीचे राहील आणि काटकपणा जाईल. अकलूजच्या घोडेबाजारात भाव उंच मारवाड्याला. त्यामुळे उंचीच्या हव्यासाने संकर होण्याची धास्ती वेगळीच.

म्हणून पैसा खर्चायचा तर आधी वाटेवर खर्चावा, असे मला वाटते. गायराने अतिक्रमणाखाली आणि इतर कामांकडे जात आहेत, उसाने माळ गिळले, वनखात्याच्या हद्दीवर मेंढपाळाला दंड भरावा लागतो, आणि चौपदरी रस्त्यावर भरधाव ट्रक कळपात घुसतात. फिरत्या वाड्यापर्यंत पोचणारा पशुवैद्य, मुक्कामापुरती राखलेली चराई, नोंदलेल्या घोडीच्या शिंगरामागे मालकाला थोडे अनुदान: मागणी एवढीच आहे. यातले काही धनगरांवर उपकार म्हणून द्यायचे नाही. दोनशे वर्षांची राखणदारी त्यांनी फुकट केली आहे.

त्या दिवशी मागून आलेल्या एका ट्रकने कर्कश भोंगा दिला. मेंढरे उधळली. घोडी बुजली नाही. रस्त्याकडेच्या चारीत उतरली, कोकरासकट पलीकडे चढली आणि चालू लागली.