कारखान्यातला किनारा

ब्राझीलमधील साओ पाउलो हे शहर समुद्रापासून दूर, पठारावर वसले आहे. तरीही तिथल्या पोम्पेया वस्तीतली मंडळी सुटीच्या दिवशी ‘किनाऱ्यावर’ ऊन खायला जातात. हा किनारा म्हणजे एका जुन्या कारखान्याच्या आवारातली, लाकडी फळ्यांची लांबलचक वाट!

१९३८ मध्ये बांधलेल्या या कारखान्यात लोखंडी पिंपे तयार होत. पुढे तिथे फ्रीज बनू लागले. मग यंत्रे थांबली आणि १९७१ मध्ये ‘सेस्क’ या संस्थेने ती जागा विकत घेतली. व्यापारी आस्थापनांकडून मिळणाऱ्या सक्तीच्या वर्गणीतून नोकरदार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी खेळ, करमणूक व शिक्षणाची सोय करणे हे या संस्थेचे काम. जुन्या शेड पाडून नवी इमारत उभारावी, असा तिचा विचार होता.

१९७६ मध्ये हे काम लीना बो बार्दी यांच्याकडे आले. या वास्तुरचनाकार बाई मूळच्या इटलीच्या, पण १९४६ पासून ब्राझीलमध्ये राहत होत्या. पहिल्या भेटीत त्यांना रिकाम्या शेडची देखणी बांधणी आवडली. दुसऱ्यांदा त्या गेल्या शनिवारी. पाहतात तो काय, फुटक्या छतातून गळणाऱ्या पावसात पोरे फुटबॉल खेळत आहेत, दाराशी आयांची खाण्यापिण्याची तयारी चालली आहे आणि जवळच बाहुल्यांच्या खेळाला मुलांची ही गर्दी! हे सारे असेच चालू राहिले पाहिजे, असे लीनाबाईंनी ठरवले. पाडापाडीचा बेत मागे पडला.

त्यांनी आपले कार्यालयच त्या आवारात थाटले. भिंतींवरचा गिलावा वाळूच्या झोताने काढून आतल्या विटा उघड्या केल्या. शेडमध्ये वाचनालय, नाट्यगृह, भोजनगृह आणि कुंभारकाम, सुतारकाम, विणकाम शिकण्याच्या कार्यशाळा आल्या. मोठ्या दालनात एक शेकोटी केली आणि जमिनीतच उथळ पाण्याचा वळणदार पाट काढला. त्याला नाव दिले साओ फ्रान्सिस्को या ब्राझिली नदीचे.

खेळांच्या जागेचा पेच मात्र अवघड होता. उरलेल्या जमिनीखालून ओढा वाहत होता आणि त्यावर बांधकामाला बंदी होती. लीनाबाईंनी दोन्ही बाजूंना काँक्रीटचे उंच मनोरे उभारले आणि ते हवेतल्या पुलांनी जोडले. खेळाडू एका मनोऱ्यात कपडे बदलतात आणि पुलावरून दुसऱ्या मनोऱ्यातल्या मैदानावर जातात. ओढ्यावरच्या मोकळ्या पट्ट्यात फळ्या घातल्या, तोच हा किनारा.

केंद्र १९८२ मध्ये खुले झाले, खेळांचे मनोरे १९८६ मध्ये. २०१५ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळाले.

ओस पडलेली वास्तू दिसली की बहुधा आधी तिची मोजमापे घेतली जातात. आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी, सुटीच्या दिवशी तिथे कोण येते आणि काय करते, हे एकदा जाऊन पाहायला काय हरकत आहे?