कळांच्या मधल्या वेळात
कानोसा । कानसेन

आपल्याकडे गरोदर बाईला संगीताचा खुराक भरपूर मिळतो. गर्भसंस्काराच्या सीडी मागे पडल्या आणि मोबाइल आला, तरी मंत्र, वीणा आणि बासरी चालूच आहेत. बारशाला पाळणे होतात. डोहाळजेवणाची गाणी तेवढी तिच्या कौतुकाची. बाकी सगळं बाळाने ऐकायचं, आईने फक्त कान पुरवायचे. आणि ज्या तासांत तिला स्वतःसाठी काही ऐकायची गरज असते, तेव्हा काय कानावर पडतं? पलीकडच्या टेबलावरचं विव्हळणं, ट्रेचा खणखणाट, ड्युटी बदलतानाच्या गप्पा, आणि “ओरडू नकोस गं, जोर लाव!”

कळा सलग नसतात, हे त्या न सोसलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कळ येते, मिनिटभर अंग पिळवटून काढते, ओसरते. मग काही मिनिटं मोकळी मिळतात. पहिलटकरणीचा सुरुवातीचा टप्पा असा कित्येक तास चालतो. पुढच्या कळेची धास्ती वाढते ती याच मोकळ्या मिनिटांत. भीतीने अॅड्रिनलिन वाढतं, अंग आखडतं, आणि ते फार वाढलं तर गर्भाशयाच्या आकुंचनाची लयही बिघडू शकते. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३३ पासूनच्या आपल्या पुस्तकांत भीती, ताण आणि वेदना यांची ही साखळी मांडली. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा नवा सिद्धांत दिला. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट कमी-जास्त उघडणारी यंत्रणा असते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही तिला हलवतात, असं त्यांचं म्हणणं. लक्ष कुठे आहे, भीती किती आहे, यावर तीच कळ कमी-जास्त लागू शकते. गाण्याला शिरकाव मिळतो तो इथे.

तो किती मिळतो? थायलंडमध्ये ११० पहिलटकरणींवर झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला कळांचा जोर सुरू झाल्यावर तीन तास शब्द नसलेलं मंद संगीत ऐकवलं, दुसऱ्याला नाही. दुखतं किती आणि त्या दुखण्याचा जाच किती होतो, हे दोन्ही वेगवेगळं मोजलं. वेदना दोन्ही गटांत चढतच गेली. पण संगीत ऐकणाऱ्यांचे आकडे दोन्ही मोजमापांत खाली राहिले. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा मात्र चित्र बेताचं निघालं: सुरुवातीच्या टप्प्यात दहाच्या मोजपट्टीवर एका अंकाहूनही कमी फरक, जोराच्या कळांत तर ठाम काहीच नाही, आणि पुरावाही कच्चा. तो कच्चा राहण्याचं एक कारण उघड आहे. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, गाण्याच्या चाचणीत खोटं गाणं देता येत नाही. ऐकणारीला आपण ऐकतोय हे माहीतच असतं.

हे सगळं मान्य करूनही मी लेबर रूममधल्या गाण्याच्या बाजूचा आहे. खर्च जवळजवळ शून्य, अपाय नाही, आणि ते तास तिचे तिला थोडे परत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत श्वसन आणि शिथिलीकरणाच्या इतर उपायांबरोबर संगीतही आहे. निरोगी गर्भवतीने वेदना कमी करायला मदत मागितली तर, आणि तिच्या पसंतीनुसार.

यातली ‘पसंती’च आपल्याकडे पहिली गळते. रुग्णालयाला संगीत सुचलं, की भिंतीवर स्पीकर लागतो आणि व्यवस्थापनाच्या आवडीचा मंत्र किंवा बासरी सगळ्यांसाठी सुरू होते. त्याच खोलीत मुसलमान बाई असते, ख्रिस्ती असते, बासरीने जिचं डोकं उठतं अशीही असते. एखादीला भजन हवं असेल, एखादीला लावणी, एखादीला शाळेच्या वयात पाठ झालेली सिनेमाची गाणी. ओळखीच्या गाण्यात पुढचा सूर आधीच ठाऊक असतो, आणि पुढे काय होणार याची धास्ती असलेल्या बाईला तेवढाही आधार होऊ शकतो. यादी तिने आठव्या महिन्यातच करावी, आवाज बेताचा ठेवावा, सिस्टरचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक कान मोकळा असावा. जोराच्या कळांत तेच गाणं नकोसं झालं, तर एका खुणेवर ते थांबायला हवं.

तिचा स्वतःचा आवाजही यात आला. फ्रान्समधल्या पिथिव्हिएच्या सरकारी रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ यांनी १९७० च्या दशकात पियानो आणला. गरोदर बायका, घरची माणसं, सुइणी तिथे एकत्र गात. त्याच इमारतीत कळा देताना मोठ्याने कण्हायला बंदी नव्हती. आपल्याकडे मात्र गुमान सोसते ती शहाणी. ओरडणारीला मिळणारे टोमणे इथे छापण्यासारखे नाहीत; जिने ऐकलेत ती ते विसरत नाही. असे टोमणे चालू असतील त्या खोलीत कोणताही राग लावा, उपयोग नाही.

गाण्याहून भक्कम पुरावा आहे तो सोबतीचा. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती आहे: प्रसूतीभर कुणी सतत जवळ असेल तर नॉर्मल बाळंतपणाची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा आखूड होतो. भारत सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत जन्मसोबतीला परवानगी दिली, पुढच्या वर्षी ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या दर्जाबरोबर सन्मानाने वागवणंही आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होतात. घरच्या बाळंतपणातला धोका त्यामुळे मागे पडला, हे मोठंच काम झालं. पण घरात आई, मावशी, सुईण पाठीवर हात ठेवायला असत. दवाखान्याच्या दारावर त्या अजूनही बऱ्याच ठिकाणी अडवल्या जातात. सोबत अडवून हातात इअरफोन देणं म्हणजे स्वस्तात सुटणं.

दुसरी पळवाट ‘नैसर्गिक’ बाळंतपणाच्या नावाखाली चालते. डिक-रीडच्या मांडणीचा उलटा अर्थ असा काढला जातो, की भ्यायली नसतीस तर दुखलं नसतं. म्हणजे दुखण्याचा दोषही तिच्याच पदरात. मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसूतिपूर्व वर्ग केलेल्या बायकांची वेदना मोजली, आणि निष्कर्ष शोधनिबंधाच्या नावातच सांगून टाकला: तयारी करूनही प्रसूती दुखतेच.

म्हणून आठव्या महिन्याच्या तपासणीत, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या खाली, तीन प्रश्न विचारले जावेत. कळा सुरू झाल्यावर जवळ कोण हवं? काय ऐकायला आवडेल, की काहीच नको? वेदना असह्य झाली तर कोणता उपाय हवा, आणि तो या दवाखान्यात मिळतो का? उत्तरं केसपेपरवर लिहावीत आणि त्या रात्री ड्युटीवर असणाऱ्याने ती वाचावीत. आणि बाईने एपिड्यूरल मागितलं, तर गाण्याचा आवाज वाढवू नये; भूलतज्ज्ञाला बोलवावं.