'इज' कीं 'वॉज'?

काळ चुकला म्हणून आम्हीं एका विद्यार्थ्याचे दोन गुण कापले, त्यास आतां बरींच वर्षें झालीं. परंतु तें वाक्य आम्हांस अद्याप आठवतें. 'माय फादर टोल्ड मी दॅट द गोदावरी राइझेस ॲट त्र्यंबक.' मुख्य क्रियापद भूतकाळीं असलें म्हणजे गौण वाक्यांतील क्रियापदही भूतकाळीं घालावें, हा नियम मनांत धरून आम्हीं 'राइझेस' खोडलें व तांबड्या शाईनें 'रोझ' लिहिलें. मुलगा नम्रपणें म्हणाला, "सर, गोदावरी अजून तेथेंच उगम पावते." वर्ग हंसला आणि आम्हीं त्यास खालीं बसविलें.

चूक आमची होती. जी गोष्ट सदैव खरी आहे तिच्यासाठीं वर्तमानकाळ चालतो, हा अपवाद व्याकरणांत त्या नियमाखालींच छापलेला असतो. पण दोन गुणांपेक्षां मोठें नुकसान पुढें दिसलें. त्या मुलानें वर्षभर निबंधांत 'टोल्ड मी दॅट' असें पुन्हां लिहिलें नाहीं. चार चार शब्दांचीं तुटक व निर्धोक वाक्यें तो लिहूं लागला.

मुलांस हें अवघड कां जातें, तें मराठी कानानें ऐकल्यास कळतें. 'तो म्हणाला कीं मी आजारी आहें' असें आपण दुसऱ्याचें बोलणें जसेंच्या तसें ठेवतों. इंग्रजींत मात्र 'ही सेड दॅट ही वॉज इल' असें होतें, आणि या 'वॉज' वरून तो आतां बरा झाला असें ठरत नाहीं. तो आजही अंथरुणावर आहे असें लिहिणारास सांगावयाचें असेल, तर 'इज' म्हटलें तरी चालतें. तसेंच, आईनें हाक मारली कीं आपण "आलों!" म्हणतों, आणि पाय तर अजून उंबऱ्याच्या आंत असतो! तेथें 'आय केम' म्हणणाऱ्या मुलास इंग्रज मनुष्य समजणार नाहीं. 'आय ॲम कमिंग' म्हटलें पाहिजे.

उलट, शेक्सपिअर 1616 सालीं वारला म्हणून 'शेक्सपिअर सेज' हें अशुद्ध, असें म्हणणारे विद्यार्थीही आम्हीं पाहिले आहेत. तुकोबा म्हणतात, असें आपण रोज म्हणतोंच कीं! ग्रंथांतील वाणी वर्तमानकाळीं सांगण्याची चाल दोन्ही भाषांत आहे.

म्हणून नियम आधीं व अर्थ मागून, हा क्रम आम्हांस आतां पसंत नाहीं. पालकांस विनंती अशी कीं, पाल्यानें किती नियम पाठ केले हें न विचारतां त्याचें एक वाक्य घ्यावें आणि विचारावें, "ही गोष्ट आजही तशीच आहे काय?" 'माय ग्रँडमदर लिव्हड इन पुणे' असें एका मुलीनें लिहिलें, तेव्हां आम्ही सांत्वन करावयास निघालों होतों, आजीबाई पुण्यांत खुशाल होत्या.

गोदावरीचा तो विद्यार्थी शाळा सोडून केव्हांच गेला. त्याचे दोन गुण मात्र आमच्याकडेच राहिले आहेत.